येळगंगेतला समुद्र

मला समुद्र हवा होता.

निवृत्त माणसांना काय काय हवं असतं ते मी आमच्या कॉलनीत रोज पाहतो. एकाला सोसायटीचं अध्यक्षपद हवं असतं, दुसऱ्याला हास्यक्लबात पुढची रांग. बागेत गोल उभं राहून, हात वर करून ही पासष्टीतली माणसं ठरवून हसतात आणि घरी जाऊन सुनेच्या चहाला नावं ठेवतात. मला यातलं काही नको होतं. मला एवढंच सिद्ध करायचं होतं, की आपल्या या काळ्या दगडाच्या, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात कधीकाळी समुद्र होता आणि तो मी शोधून काढला. पुरावे माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडलेले होते. अकरा दगड, अकरा कप्पे, प्रत्येकावर व्हाइटनरचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईनं आकडा. त्यापायी आम्ही नवरा-बायको दोन वर्षं ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

यात विशेष काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो, कारण असं वाटणारेच जास्त असतात. आपला सगळा प्रदेश लाव्ह्याचा आहे. जमीन फाटली, तापलेला रस वर आला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा थर. वेरूळची लेणी कोरली ती याच दगडात. मी नोकरीभर बंधारे बांधले. पिशोरपासून लासूरपर्यंत पायासाठी जिथं खणलं तिथं वर मुरूम, खाली काळा दगड, त्याच्याखाली आणखी काळा दगड. फार तर एखादी गारगोटी निघायची आणि तेवढ्यावर मजूर हरखायचे. समुद्रातला प्राणी या दगडात सापडणं म्हणजे चुलीतल्या राखेत मासा सापडणं. आणि तो मला सापडला होता.

तो कसा सापडला, ते सांगायला मला घृष्णेश्वरापासून सुरुवात करावी लागते, आणि देवळापासून सुरुवात करायची मला मुळीच हौस नाही. बायकोनं दर सोमवारी वेरूळला जायचं टुमणं लावलं होतं. आधी कधी नव्हतं ते हे खूळ आई गेल्यानंतरच्या वर्षी सुरू झालं. मी तिला गाडीतून न्यायचो, रांगेपाशी सोडायचो आणि आत पाऊल टाकायचो नाही. नारळवाले, बेलवाले, पार्किंगवरून भांडणारे भक्त, लेण्यांकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढणारे पर्यटक, या सगळ्या तमाशातून बाजूला व्हायचं म्हणून मी खाली येळगंगेच्या ओढ्यावर जाऊन बसायचो. तिथं एक फरशी पूल आहे. पुलाखाली सावली असते आणि माणसं नसतात.

पावसाळा सरून पाणी ओसरलं होतं. गोट्यांमध्ये एक लिंबाएवढा काळा दगड दिसला. गुळगुळीत, एका बाजूला टवका उडालेला. त्या टवक्याच्या आत कड्या होत्या. वळत गेलेल्या, एकसारख्या अंतरावर, कुणी फूटपट्टी धरून आखल्यासारख्या. दगडात एवढी शिस्त नसते हे मला नोकरीनं शिकवलंय. मी तो खिशात घातला आणि गाडीत डॅशबोर्डवर ठेवला.

बायको दर्शन घेऊन आली. दगडाकडे बघत राहिली. "कुठं सापडला?" तिनं विचारलं. मी सांगितलं, पुलाखाली. खुलताबादचा घाट उतरताना दगड घरंगळेल म्हणून तिनं तो उचलून पदरात घेतला आणि घरापर्यंत तसाच धरून बसली. मी तिला वाटभर जीवाश्म म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. ती गप्प होती. तिच्या डोक्यावरून चाललंय, असं समजून मी सोपं करून पुन्हा सांगितलं. दौलताबाद मागं पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "नीट ठेवा हा."

त्याच रात्री मी इंटरनेटवर शोधलं. समुद्रातला प्राणी, गोगलगायीसारखं गुंडाळलेलं कवच, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष, नाव अमोनाइट. निम्मी पानं या दगडांची पूजा कशी करावी, कोणत्या दगडानं कोणतं फळ मिळतं, असल्या भाबडेपणानं भरलेली होती. ती मी न वाचता पुढं ढकलली. मी शास्त्र शोधत होतो आणि भटजींचे सल्ले वाचायला मला फुरसत नव्हती.

इथं वायफायचं सांगायला हवं. आमच्या घरात बैठकीतून आत जाताना एक कोनाडा आहे. आई होती तोवर तिथं तिचा देव्हारा होता. रोज तासभर तिची पूजा चालायची. ताम्हण, पळी, चंदन, घंटेची किणकिण. लहानपणापासून ती किणकिण ऐकून माझं डोकं उठायचं. इंजिनिअरिंगला असताना एकदा परीक्षेच्या सकाळी मी तिच्याशी हुज्जत घातली आणि रागाच्या भरात ताम्हण ढकललं. काहीतरी फरशीवर पडून ठक्क आवाज झाला. तिनं वाकून उचललं, पदरानं पुसलं, परत ठेवलं आणि पूजा पुढं सुरू केली. काय पडलं ते मी पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर आमच्यात एक तह झाला. तिनं मला देवापुढं हात जोडायला सांगायचं नाही आणि मी त्या कोनाड्याकडे बघायचं नाही. तह दोघांनीही शेवटपर्यंत पाळला.

ती गेली. दिवस झाल्यावर मी बायकोला सांगितलं, ही दगडगोट्यांची वरात इथून हलव. ती म्हणाली, रोजचं पाणी मी घालीन. मी म्हणालो, या घरात एक जन्म या प्रकारात वाया गेला तेवढा पुरे. कुठं नेतेस ते मला सांगू नकोस, पण ने. तिनं चार दिवसांत कोनाडा रिकामा केला. मग मी तिथं वायफायचा डबा बसवला. तिथून घरभर रेंज छान येते.

तर दुसऱ्या सोमवारपासून बायकोला देवळात न्यायची घाई मला झाली. तिला थंडी वाजत असली तरी मी गाडी काढायचो. कॉलनीत बोभाटा झाला की हा नास्तिक म्हातारपणी सुधारला. हास्यक्लबातल्या एकानं तर मला प्रसादही आणून दिला. त्यांच्या अकलेची मर्यादा ओळखून मी काही बोललो नाही.

दोन वर्षांत अकरा झाले. काही अख्खे गोल होते, नाण्याएवढ्या भोकातून आतल्या कड्या दिसणारे. दोन फुटलेले होते आणि त्यांच्यात चक्र उघडंच पडलेलं होतं. मी ओढ्याचा नकाशा काढला, प्रत्येक दगड कुठं मिळाला त्याची खूण केली. सगळ्या खुणा फरशी पुलापासून खालच्या वळणापर्यंत होत्या. पुलाच्या वर एकही नाही. मी लिहून ठेवलं, की सागरी थर नेमका पुलाखाली उघडा पडला आहे. तो थर मात्र मला दिसला नाही. पाणी आटल्यावर मी पहारीनं खणून पाहिलं, तर मुरूम आणि काळा दगड. थर वाहून गेला असणार आणि दगड तेवढे मागं राहिले असणार, असा त्याचा मी अर्थ लावला. त्या वाळूत बाकी सगळी घाण असायची. गंजलेली नाणी, तांब्याच्या पत्र्याचे तुकडे, पितळी मूर्तीचा एखादा हात, फोटोच्या चौकटीची काच. भाविकांनी केलेला हा उकिरडा मी काठीनं बाजूला सारून माझा समुद्र वेचत होतो.

तिथं एक बाई मेंढरं पाणी पाजायला आणायची. साठीची असेल, कमरेला खोचलेलं लुगडं, हातात काठी. ती बरेच सोमवार माझ्याकडे बघून जायची. एकदा जवळ आली. "काय हुडकताय सायेब?" मी हातातला दगड दाखवला. तिनं तो घेतला नाही, नुसता वाकून पाहिला.

"ह्यो हितला नाय," ती म्हणाली.

मी विचारलं, तुला काय ठाऊक.

"आमी बारा म्हयनं हितंच मेंढरं पाजतो. वरल्या अंगाला असला दगूड एक नाय. ह्यो कुणीतरी सोडल्याला हाय. देव हाय. पान्यात ठिवा परत."

मला हसू आलं. तिला मी लाव्हा, थर, समुद्र असं सगळं ऐकवलं, मेंढरं पाणी पिऊन वर चढून गेली तरी ऐकवत राहिलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय, आसंल," म्हणाली आणि मेंढरांमागं निघून गेली. घरी येऊन मी हा किस्सा बायकोला नक्कल करून सांगितला. अडाणी माणसाला प्रत्येक गोल दगडात देव कसा दिसतो, त्याचा उत्तम नमुना म्हणून. बायको भाजी निवडत होती. ती हसली नाही.

बाकी तिला माझ्या या उद्योगाचा त्रास नव्हता, उलट मदतच होती. धूळ बसते म्हणून रोज सकाळी ती कप्पे पुसायची. एक नंबरचा दगड बऱ्याचदा ओला असायचा. मी तिला एकदा झापलं, की नमुना धुवायचा नसतो, त्यानं शाई उडते. ती बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी दगड कोरडा होता, पण पुसून कोरडा केलेला.

मग मी जाणकारांना पत्रं लिहिली. दोघा विद्वानांनी उत्तरच दिलं नाही. खुर्ची मिळाली की माणूस वाचायचं विसरतो, याचा मला नोकरीतही भरपूर अनुभव आहे. शेवटी शहरातल्याच एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी फोन उचलला. म्हणाल्या, "सर, दगड खरंच इथले निघाले तर फार मोठी गोष्ट आहे. आमच्या संग्रहालयात काचेचं कपाट देऊ, तुमच्या नावासकट." त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरीभर मी बांधलेल्या एकाही बंधाऱ्यावर माझं नाव नाही. कोनशिलांवर ज्यांची नावं आहेत त्यातल्या एकालाही सिमेंट आणि रांगोळी ओळखू आली नसती. हे कपाट मला हवं होतं, अगदी लहान मुलासारखं हवं होतं, आज कबूल करायला काय हरकत आहे.

त्या रविवारी कॉलेजातल्या बाई स्कूटीवरून आल्या. तिशीतल्या, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. एवढीशी पोर मला काय सांगणार, असं मनात आलंच. मी नकाशा उलगडला, टिपण वाचायला घेतलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि दगड एकेक करून उजेडात धरून पाहिले. पाच नंबरचा पाहून झाल्यावर विचारलं, "पुलाच्या वरच्या बाजूला किती मिळाले?"

"एकही नाही."

"यांच्याबरोबर अजून काय सापडत होतं?"

"कचरा. नाणी, तांब्याचे पत्रे, मूर्तींचे तुकडे."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, पुलावर उभं राहून लोक घरातले देव पाण्यात सोडतात. म्हातारी माणसं जातात, घरात पूजा करणारं कुणी उरत नाही, मग आणून सोडतात. हे अमोनाइटच आहेत, त्यात तुमची चूक नाही. पण हे हिमालयातले, गंडकी नदीतले. हे शाळिग्राम आहेत."

मी म्हणालो, शक्य नाही. शाळिग्राम काय असतो ते मला माहीत आहे, आमच्या घरात होता.

"कसा होता दिसायला?"

मी तोंड उघडलं. काळा, म्हणालो. पुढं काही आठवेना. गोल की लांबट, केवढा, भोक होतं की नव्हतं. जन्मल्यापासून तो माझ्यापासून सात-आठ पावलांवर होता. रोज कुणीतरी त्याला अंघोळ घालत होतं, पुसत होतं, आणि मी, जो दगड बघण्याचा पगार घेत होतो, त्यानं एकदाही मान वळवली नव्हती. बाई थांबून होत्या. त्यांना माझी फजिती करायची नव्हती, हे मला जास्त लागलं.

"लिंबाएवढा," मागून बायको म्हणाली. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "एका बाजूला टवका गेलेला. ह्यांच्या हातून पडला होता, कॉलेजात असताना. आई ती बाजू भिंतीकडे करून ठेवायच्या. ह्यांच्या नजरेला पडायला नको म्हणून."

तिनं ट्रे ठेवला आणि टेबलावरून नमुना क्रमांक एक उचलला. शोधावा लागला नाही तिला.

चहा बाईंनी तेवढा घेतला. मग, बहुतेक मला सावरायला म्हणून, त्या म्हणाल्या, "आमच्याकडचे देवसुद्धा पाण्यातच गेलेत सर. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा. आजी सांगायची, सोडण्याआधी त्यांनी एकेक हातात घेऊन उन्हात नीट बघितला होता. म्हणाले, एवढ्या पिढ्या ज्याला भ्यालो तो दिसतो तरी कसा, ते बघू." मग भिंग गळ्यात अडकवून त्या निघाल्या. दारात म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात वर्गातल्या मुलांना घेऊन येते, एवढे चांगले नमुने त्यांना दुसरीकडे बघायला मिळायचे नाहीत. काचेच्या कपाटाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

आयुष्यभर मी ज्यांना अडाणी म्हटलं त्यांची यादी मनात फिरत होती. मेंढरंवाल्या बाईनं एका नजरेत सांगितलं होतं. आईनं आंधळेपणानं का होईना, त्याला रोज हातात घेतलं होतं. त्या बाईंच्या आजोबांनी नाकारला, पण बघून नाकारला. मला मात्र न बघताच सगळं कळलं होतं. हास्यक्लबातली ती माणसं परवडली. ती निदान खोटं हसतात हे त्यांना ठाऊक असतं.

मी बायकोला विचारलं, "पहिल्या दिवशी गाडीतच का नाही सांगितलंस?"

ती नखानं दगडावरचा पांढरा ठिपका खरवडत होती.

"सांगितलं असतं तर तुम्ही तो तिथंच परत टाकला असता," ती म्हणाली. "तुमचा नमुना म्हणून तरी घरात राहिला. पुलावरून मीच सोडला होता तो, म्हणूनच तर दर सोमवारी जात होते. पाणी ओसरलं की दिसेल, असं वाटायचं. मला नाही दिसला, तुम्हाला दिसला."

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मी सहसा हरत नाही. मी उठलो, कपाटातून थिनरची बाटली आणि कापूस आणला. तिनं चोळून पाहिलं. व्हाइटनर गेला, पण शाई दगडात उतरली होती. एकचा आकडा पुसट, तरी स्पष्ट दिसत होता. मी म्हणालो, राहू दे, मी उद्या पॉलिश पेपर आणतो. ती म्हणाली, "दगड घासू नका आता."

मी कोनाड्यातला वायफायचा डबा काढून खाली जमिनीवर ठेवला. वायर पुरत नव्हती, ओढूनताणून पुरवली. तिनं कोनाडा ओल्या फडक्यानं पुसला, एक वाटी पालथी घातली आणि दगड त्यावर ठेवला. टवका समोर आला, त्यातल्या कड्या लख्ख दिसू लागल्या. आकडा तिनं भिंतीकडे केला होता, मला दिसू नये म्हणून.